जोड आणि जोडी

आम्हा नागपूरकरांच्या आखाड्यात 'जोड' म्हणजे समोरचा गडी. तोलामोलाची जोड लावली की एकमेकांना चीत करायचे. फ्रीस्टाइलवाल्यांनी शब्दच पालथा घातला! त्यांची जोडी एकाच बाजूची. एकजण दोरांच्या आत झुंजतो, दुसरा बाहेर हात लांबवून उभा. हाताला हात लागल्याशिवाय आत पाऊल नाही. १९५५ साली रिकिडोझानच्या जपानात जाऊन आशियाई जोडी-विजेतेपद पटकावले ते हंगेरियन किंगकाँग आणि आपला टायगर जोगिंदरसिंग यांनी. हाच किंगकाँग इकडे दारासिंगचा हाडवैरी, बरे का! नुरा कुस्ती म्हणून नाक मुरडणारे खुशाल मुरडोत. मला मात्र दोराबाहेरच्या गड्याचाच जीव दिसतो. साथीदार आत मार खातोय, आणि याचा हात चार बोटे कमी पडतोय.