पाणसळीतला बुडबुडा

‘तोल सांभाळा’ हा उपदेश आपण माणसांना करतो. चाकांवरच्या घरालाही तो करावा लागतो, हे मला 2023 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत कळले.

यलोस्टोनच्या सहलीसाठी पुतण्याने मोटरहोम भाड्याने घेतली होती. ओटा, बिछाने, न्हाणी, फ्रीज, सारा संसार एका गाडीत! मुक्कामाची जागा मला अगदी सपाट दिसली. पण ओट्यावरचे लिंबू घरंगळत खाली आले. आई म्हणाली, “अरे, इथे उतार आहे. लिंबाला जे कळतं ते तुम्हां शिकलेल्यांना कळू नये?”

लिंबाचे एक वेळ राहू द्या. काळजी होती फ्रीजची. आईची इन्सुलिनची न उघडलेली औषधे त्यात होती आणि ती 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवीत. अलीकडच्या कित्येक गाड्यांत घरच्यासारखा कॉम्प्रेसरचा फ्रीज असतो. आमचा मात्र गॅसच्या ज्योतीवर चालणारा होता. ज्योतीने गारवा करायचा, म्हणजे विस्तवाकडून बर्फ मागायचा! ही करामत स्वीडनमधल्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी 1922 साली साधली. तिच्यात पंप नाही. उष्णतेने अमोनियाची वाफ वर चढते आणि पुन्हा द्रव होऊन नळ्यांतून आपल्याच वजनाने खाली येते. गाडी फार कलली, की हा द्रव भलतीकडेच साचतो. अभिसरण थांबते, ज्योत मात्र तापवीतच राहते. गारवा तर जातोच. वारंवार असे घडले तर नळ्या आतून चोंदून फ्रीज कायमचा निकामी होतो.

पुतण्याने चाकांना पुढूनमागून ठोकळे लावले. जॅकचे पाय ओल्या मातीत रुतू नयेत म्हणून खाली फळ्या सरकवल्या आणि बटण दाबले. तेलाच्या दाबाने चार पोलादी पाय खाली उतरले, गाडी कण्हत उठू लागली. मी आत, पाणसळीवर डोळा ठेवून. गवंड्याच्या हातातली तीच ही पाणसळ. बुडबुडा मध्यावर यायला दोन रेघा उरल्या असतील, तोच बाहेरून आवाज आला, “काका, मागचं चाक उचललं जातंय!”

बटण आणखी क्षणभर दाबले असते तर बुडबुडा मध्यावर आलाही असता. पण गाडीचा हातब्रेक मागच्या चाकांनाच धरतो. ती अधांतरी झाली, की एवढे धूड केवळ जॅकच्या काठ्यांवर उभे. आणि त्या काठ्या गाडी पुढे सरकली तर थोपवण्यासाठी नसतातच. पुतण्याने जॅक मिटवले, सखल बाजूच्या चाकांपुढे फळ्या रचल्या, गाडी हळूच त्यांवर चढवली आणि ठोकळ्यांपासून सारे पुन्हा केले. पाऊण तास गेला. आईने तेवढ्यात लिंबू चिरले होते.

बुडबुडा मध्यावर बसला. रात्री दोनदा उठून मी फ्रीजमधला तापमापक पाहिला. दोन्ही वेळा 5 अंश.

सकाळी निघण्यापूर्वी पुतण्या खाली वाकून चारही पाय वर आले की नाही, ते पाहून आला. एक फळी मातीत अशी रुतली होती, की ती उकरून काढायला आम्हां दोघांना पोळीचे उलथणे घ्यावे लागले.