तळ्याकाठी शब्बाथ



शॉमबर्गमध्ये बर्फ वितळायला लागलं की आमच्या मंडळींत एकच विषय निघतो: यंदा उन्हाळ्यात केबिन कुठं घ्यायची? इथून वर विस्कॉन्सिनपर्यंत तळ्यांना तोटा नाही. अडचण वेगळीच आहे. नोकऱ्यांमुळे सगळे शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी परतायचं ठरवतात, आणि घरातली आजी म्हणते, "तुम्ही जाऊन या रे बाबांनो. माझा शब्बाथ आहे, मी घरीच बरी." मुलं तळ्यावर जातात आणि आजी एकटी दिव्यापाशी बसते. असं दोन-तीन वर्षं झालं की मुलांना वाटू लागतं, शब्बाथ म्हणजे आजीचं काहीतरी, आपलं नव्हे.

आम्हांला वाटतं की आजी आणि तळं यांतलं एक निवडायची गरजच नाही. जिथं सिनेगॉग नाही, रब्बी नाही, तिथं शब्बाथ पाळणं आपल्याला काही नवं नाही. मुंबईत आपलं पहिलं सिनेगॉग, सामाजी हसाजी दिवेकरांचं शाआर हारहमीम, झालं १७९६ साली. त्याआधी कित्येक पिढ्या आपले पूर्वज नवगाव, अलिबाग, रेवदंड्याच्या बाजूला खेड्यापाड्यांत राहिले. हझान नाही, सेफेर तोरा नाही. पण शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद. म्हणून तर लोक आपल्याला शनवार तेली म्हणू लागले. त्या कुडाच्या घरात जे जमलं ते लाकडी केबिनमध्ये का जमू नये? फक्त आखणी शुक्रवारपासून उलटी करत आणायची.

पहिली गोष्ट, गुरुवारी निघावं. शुक्रवारी दुपारी रस्त्यांवर जी गर्दी होते ती सर्वांना ठाऊक आहे, आणि सूर्य कोणासाठी थांबत नाही. एक दिवसाची जास्त रजा टाकावी लागते खरी, पण रजा मागायची ती याच्यासाठीच. शुक्रवारी सकाळी उठाल तेव्हा तुम्ही तळ्यावरच असाल आणि अख्खा दिवस हाताशी असेल. जूनमध्ये आपल्याकडे दिवे लावायची वेळ आठ वाजून दहा मिनिटांच्या आसपास येते. तोवर पोहणं, स्वयंपाक, आंघोळी सगळं निवांत उरकतं.

दुसरी गोष्ट जागा. वयस्कर माणसं बरोबर असतील तर फार लांब जाऊ नये. कुक काउंटीच्या फॉरेस्ट प्रिझर्व्हच्या केबिन आहेत. त्यांतली पॅलाटाइनची कॅम्प रीनबर्ग आपल्याला जवळची, आणि विलो स्प्रिंग्जच्या कॅम्प बुलफ्रॉग लेकला तर तळं अगदी शेजारी. थोडं पुढं जायचं असेल तर रूट १२ ने वर चेन ओ'लेक्स स्टेट पार्क. ग्रास, मेरी आणि निपरसिंक अशी तीन तळी पार्काला लागून आहेत आणि बाकीची फॉक्स नदीने जोडलेली. उन्हाळ्यातले शनिवार-रविवार सगळ्यांत आधी भरतात, तेव्हा थंडीतच नाव नोंदवावं. नोंदवताना चार गोष्टी विचाराव्यात: केबिनमध्ये वीज आहे का, संडास किती पावलांवर आहे, खालचा पलंग मिळेल का, आणि आत ज्योत लावायला परवानगी आहे का. नसेल तर दिव्यांचं काय करायचं ते निघण्यापूर्वीच आपल्या रब्बींना विचारून ठेवावं. आणि तारीख धरताना कॅलेंडर बघावं. बिरड्याचा सण जुलै-ऑगस्टमध्ये येतो. त्याआधीचे नऊ दिवस मटण आणि मौजेचं पोहणं वर्ज्य मानणारी घरं आपल्यात आहेत.

आता खाणं. सामानाची खरेदी डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर एका फेरीत होते. तिथं गांधी मार्ग आणि गोल्डा माइर बुलेव्हार्ड अशा दोन्ही पाट्या आहेत, आपल्यासारख्यांना आणखी काय हवं? कोशर कोंबडी गोठवलेलीच न्यावी, म्हणजे पेटीत बर्फाचं कामही तीच करते. आपल्या रश्शाला दूध-दही लागतच नाही, नारळाचा रस लागतो, आणि त्याचे डबे बर्फाशिवाय टिकतात. तिथल्या जाळीवर आधी कोणी काय भाजलं असेल सांगता येत नाही, तेव्हा घरची जाळी न्यावी. शेकोटीचं लाकूड मात्र घरून नेऊ नये. अ‍ॅशची झाडं मारणारा एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा किडा २००६ मध्ये इलिनॉयमध्ये सापडला, आणि तो अशाच सरपणातून गावोगाव पसरतो. मुलांचे मार्शमॅलोही बघून घ्यावेत, साध्यांत बहुधा डुकराचं जिलेटिन असतं. किद्दूशला आपलं काळ्या मनुकांचं शरबत न्यावं. पार्कात दारूला बंदी असली तरी त्याला कोणी हरकत घेणार नाही.

शुक्रवारी शेकोटी उजेडीच पेटवावी, दिवे लागल्यावर तिला हात लावू नये. वीज असेल तर वालाचं बिरडं क्रॉकपॉटमध्ये ठेवून द्यावं. रात्री बाहेर काही उघडं ठेवाल तर रॅकून महाराज पाहुणे म्हणून येतील!

शनिवारी होडी नाही, गळ नाही, गाडी नाही. मुलं दिवसभर काय करणार, अशी आयांना काळजी असते. पण हाच दिवस आजीचा. फोन बंद, कोणाला कुठं जायची घाई नाही. चिवडा पुढ्यात घेऊन आजी सांगू लागली की घाण्याच्या, आगबोटीच्या, अलिबागच्या गोष्टी निघतात. त्याही मराठीत. घरी इंग्रजीत उत्तरं देणारी मुलं तिथं "मग काय झालं?" असं विचारू लागतात.

साडेनऊनंतर तारे दिसले, शब्बाथ सुटला की मलिदा करावा. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर पाच फळं. त्याला चूल लागत नाही, म्हणजे केबिनला याहून सोयीचं काय? एलियाहू हन्नाबीचं नाव घ्यावं आणि सर्व सुखरूप एकत्र आहोत म्हणून आभार मानावेत.

रविवारी सकाळी गळ आणि होड्या. सोळा वर्षांवरच्यांनी मासेमारीचा परवाना घ्यावा. वॉलआय, बास, ब्लूगिल, पर्च चालतात. कॅटफिशला खवले नाहीत, तो पाण्यात सोडून द्यावा. आणि मुलांना तिथंच दावीद रहाबींची गोष्ट सांगावी: त्यांनी आपल्या बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले, त्यांनी खवले आणि पर असलेले तेवढेच उचलले, आणि त्यावरून रहाबींनी आपल्याला ओळखलं अशी परंपरा आहे. पुस्तकात वाचून ती गोष्ट लक्षात राहीलच असं नाही. हातात वळवळणारा मासा धरून ऐकली की विसरत नाही.

तेव्हा या वर्षी केबिन बघताना पहिला फोन आजीला करावा. "आम्ही जातो" असं न सांगता "आपण गुरुवारी निघतोय" असं सांगावं.