इंजिन नंबर तीन, पुढे चल!

दोस्तांनो, दौंड-मनमाड गाडीने तुम्ही कधी ना कधी गेला असालच. आपल्या जिल्ह्यातून जाणारा हा मार्ग १८७८ साली सुरू झाला आणि कित्येक दशके एकेरीच राहिला. राहुरीला नाही तर बेलापूरला गाडी उगाचच थांबली, की मोठी माणसं म्हणायची, "क्रॉसिंग लागलंय." समोरून येणारी गाडी निघून गेल्याशिवाय आपली हलायची नाही. स्टेशन ते स्टेशन एवढ्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी, असा तो नियम. हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आज बोलायचंय ते छोट्या रेल्वेबद्दल. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ ला ते लोकांसाठी खुलं झालं. तिथल्या गाड्या खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान! म्हणजे २० मीटर लांबीचा डबा घेतला, तर तो तुमच्या वीतभरापेक्षा थोडा मोठा, साधारण २३ सेंटिमीटरचा. रूळ, सिग्नल, पूल, गाव, सगळं त्याच मापाचं. एकाच वेळी कितीतरी गाड्या धावताना बघून पोरं हमखास विचारतात, "इतक्या सगळ्या एकदम चालवतात कशा?"

छोटी रेल्वे चालवायच्या दोन पद्धती आहेत. जुनी आधी बघू. दोन रूळ म्हणजे विजेच्या दोन तारा समजा. चाकांतून वीज इंजिनातल्या मोटारीला मिळते. वीज वाढवली की गाडी जोरात, कमी केली की हळू. धन-ऋण टोकं उलटी केली की गाडी मागे. सोपं आहे, नाही का? पण त्याच रुळावर दुसरं इंजिन ठेवून बघा. बटण फिरवलं की दोन्ही पळतील! कारण हुकूम इंजिनाला नाही, रुळाला दिलेला असतो. वर्गात गुरुजी नुसतं "उठा" म्हणाले, तर सगळा वर्ग उठणारच ना? म्हणून जुने हौशी लोक रुळांचे तुकडे पाडत आणि प्रत्येक तुकड्याला वेगळं बटण लावत. बटणं वाढायची, टेबलाखाली तारांचं जाळं व्हायचं.

नवी पद्धत डिजिटल. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवरून अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९०च्या दशकात तिचे नियम ठरवले. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची इंजिनं एकाच पेटीवर चालू लागली. हिच्यात रुळावर पूर्ण वीज कायम असते, गाडी उभी असतानासुद्धा. प्रत्येक इंजिनाला हजेरीपटासारखा नंबर असतो आणि पोटात एक छोटी चकती असते, तिला डिकोडर म्हणतात. पेटी हाक मारते, "नंबर तीन, पुढे चल." ती हाक सगळी इंजिनं ऐकतात, हलतं मात्र तीन नंबरचंच.

हाक जाते कशी? त्याच दोन रुळांतून! रुळांची धन-ऋण टोकं पेटी सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट करते. सेकंदाचे दहा लाख भाग करा. प्रत्येक बाजू त्यातले ५८ भाग टिकली तर तो १, आणि १०० भाग टिकली तर तो ०. असे एक-शून्य जोडून निरोप तयार होतो. सेकंदाला शंभराहून जास्त निरोप सुटतात, म्हणून आपल्याला सगळ्या गाड्या एकदम चालल्यासारख्या दिसतात.

एक निरोप उघडून बघू या.

नंबर: ००००००११ (म्हणजे ३)
हुकूम: ०११००११०
तपासणी: ०११००१०१

हुकुमातले पहिले दोन आकडे, ०१, सांगतात की हा वेगाचा हुकूम आहे. तिसरा १ असेल तर पुढे, ० असेल तर मागे. उरलेले पाच म्हणजे वेग. इथे २८ पायऱ्यांपैकी नववी पायरी. आणि तिसरी ओळ मला सगळ्यांत आवडते. वरच्या दोन ओळींतले आकडे सारखे असतील तर खाली ०, वेगळे असतील तर १. एकाखाली एक मांडून पडताळा. रुळावर धूळ असली, चाक जरा उचललं गेलं, की निरोपातला एखादा आकडा बिघडतो. मग तपासणी जुळत नाही आणि इंजिन तो निरोप चक्क सोडून देतं. पेटी पुन्हा पाठवतेच. चुकीचं ऐकून पळण्यापेक्षा हे बरं.

पालकहो, हा छंद महाग आहे. पण खेळायला पेटी कशाला हवी? आमच्या चौथीच्या मुलांनी पटांगणात खडूने रूळ आखले. दहा मुलं इंजिनं झाली, प्रत्येकाला नंबर. एका मुलीला पेटी केलं. "चार, पुढे! सात, पुढे! दोन, थांब!" फार मजा आली. आणि मग चार नि सात समोरासमोर येऊन धडकले! चारला विचारलं तर म्हणतो, "मला पुढे सांगितलं होतं." सातही तेच म्हणाला. दोघांचंही खरं होतं! कुणी हुकूम मोडला नव्हता, तरी अपघात झाला.

डिजिटल पद्धतीची ही दुसरी बाजू. जुन्या पद्धतीत तुकड्याची वीज बंद असली की गाडी तिथे शिरूच शकत नव्हती. आता सगळे रूळ कायम जिवंत. म्हणून जाणकार मंडळी रुळांचे तुकडे आजही ठेवतात, पण ते "इथे गाडी आहे" अशी वर्दी पेटीला देण्यासाठी. आपल्या क्रॉसिंगचाच नियम तो!

खऱ्या रेल्वेतही हाच प्रश्न आहे. भारतीय रेल्वेच्या 'कवच' यंत्रणेत इंजिनाला रेडिओवरून आणि रुळांमध्ये बसवलेल्या खुणांवरून माहिती मिळते, आणि धोका दिसला की ब्रेक आपोआप लागतो. ४ मार्च २०२२ ला सिकंदराबाद विभागात चाचणीसाठी दोन इंजिनं एकाच रुळावर समोरासमोर आणली. कवचाने ३८० मीटर अंतर राखून इंजिन थांबवलं.

आता तुमचं काम. पाच नंबरच्या इंजिनाला हा निरोप मिळाला:

०००००१०१
०११०१००१
०११०१११०

इंजिन हा हुकूम पाळेल की सोडून देईल? पाटीवर मांडून बघा. उत्तर पुढच्या अंकात.