शस्त्रक्रियेस पात्र कोण?

हत्तीरोगाने माणूस सहसा दगावत नाही. म्हणूनच की काय, त्याची चर्चाही होत नाही. राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने निर्मूलनासाठी २०१५ ही मुदत घातली. ती हुकली, पुढच्याही हुकल्या, आणि आता २०२७ हे वर्ष समोर आहे. परंतु उद्या रोगाचा प्रसार पूर्ण थांबला, तरी ज्यांचे पाय आधीच सुजले आहेत त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. गोळ्यांनी जंतांचा बंदोबस्त होतो. निकामी झालेल्या लसीकावाहिन्या पूर्ववत होत नाहीत.

अशा रुग्णांसाठी शल्यचिकित्सेने आता वाट काढली आहे. जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटर जाडीची लसीकावाहिनी सूक्ष्मदर्शकाखाली शिरेला जोडता येते. मात्र त्यासाठी काही वाहिन्या जिवंत असाव्या लागतात आणि सूज अजून पाण्याची, म्हणजे बोटाने दाबल्यास खळगा पडणारी, असावी लागते. सुजेची जागा चरबीने घेतली की ती चरबी शोषून काढण्याचा मार्ग उरतो, व त्यानंतर दाब देणारा मोजा जन्मभर वापरावा लागतो. कातडी जाड होऊन घड्या पडल्या की केवळ कापून काढणे हाती राहते. शिवाय जंतुसंसर्ग आटोक्यात हवा, वजन बेताचे हवे, रुग्ण तपासणीला नियमित येणारा हवा. या कसोट्या शास्त्रशुद्ध आहेत. त्या सैल कराव्यात असे कोणी म्हणू नये; अपात्र देहावरील शस्त्रक्रिया रुग्णाचे नुकसानच करते.

प्रश्न असा की, ही पात्रता घडते कोठे? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात रोवणीची मजूर स्त्री दिवसभर चिखलात उभी असते. बोटांच्या बेचक्यांतील भेगांतून जंतू शिरतात, ताप येतो, पाय लाल होऊन ठणकतो. प्रत्येक झटक्यागणिक आणखी वाहिन्या निकामी होतात. रोज बुडेल म्हणून ती दवाखाना टाळते. काही वर्षांनी ती शल्यचिकित्सकापुढे पोचते, तेव्हा पहिली संधी निघून गेलेली असते. दाबाचा मोजा काही महिन्यांत सैल पडतो, नवा घ्यायला पैसे नसतात, आणि चिखलात तो घालताही येत नाही. कागदावर मात्र नोंद होते ती रुग्ण सूचना पाळत नसल्याची. दारिद्र्याला स्वभावदोष ठरविण्याची ही रीत जुनीच आहे.

अर्थशास्त्रात क्रयशक्ती नसलेल्या गरजेला मागणी म्हणत नाहीत. आरोग्यव्यवस्थेनेही तोच हिशेब चालवावा काय? अंडवृद्धीची शस्त्रक्रिया सोपी. तिची शिबिरे भरतात, आकडे जमतात. ते योग्यच आहे. पण ती केवळ पुरुषांच्या उपयोगाची. सुजलेला पाय घेऊन घरात बसलेल्या स्त्रीचा आकडा कोणत्या रकान्यात मांडायचा?

करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातील बरेचसे स्वस्त आहे. रोज साबण-पाण्याने पाय धुणे, बेचक्या कोरड्या ठेवणे, योग्य पादत्राण वापरणे एवढ्यानेही तापाचे झटके कमी होतात. प्राथमिक आरोग्य केंद्राने रुग्णांची केवळ यादी न करता प्रत्येकाच्या सुजेची अवस्था नोंदवावी, आणि खळगा पडतो आहे तोवरच त्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवावे. तेथे सूक्ष्म शस्त्रक्रियेची सोय व प्रशिक्षित हात असावेत. मोजे औषधासारखे ठरावीक मुदतीने मोफत मिळावेत. क्षयरुग्णाला उपचारकाळात दरमहा पोषणासाठी पैसे देण्याची योजना २०१८ पासून आहे; मग हत्तीरोग्याच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई अशक्य का मानावी?

शस्त्रक्रियेस कोण पात्र, हे शल्यचिकित्सकाने ठरवावे. पण पात्र असतानाच रुग्ण त्याच्यापर्यंत पोचावा, ही जबाबदारी शासनाची आहे. ती पार पडत नाही तोवर वैद्यकीय कसोटी ही प्रत्यक्षात खिशाचीच कसोटी राहील.