मोडक्या वाद्याचा सूर

घरातल्या मुलाने मोडकी वस्तू उघडली, की आपण आधी ओरडतो. आणि तिथेच चुकतो. १९६१ साली इंग्लंडात बिल वायमन या तरुणाने स्वस्तातली जुनी बास गिटार घेतली. धड बोजड, म्हणून करवतीने कापले. झिजलेले पडदे उपटले; नवे मागाहून बसवणार होता. पण बिनपडद्याचा गोल, घरंगळता नाद असा आवडला, की ते राहूनच गेले! हेच वाद्य पुढे 'रोलिंग स्टोन्स'च्या ध्वनिमुद्रणांत वाजले.

याला 'जुगाड' म्हणून हिणवू नये. १९५१ च्या फेंडर बासची मान धडाला स्क्रूंनी जोडलेली होती. एकीची मान दुसरीला लावता येऊ लागली. पण घोडीची जागा? पडद्यांच्या बासवर ती जरा चुकली, की वरचे स्वर बेसूर. ती आधी मोजून ठरवता येते; मग तार छेडून, कान लावून, पुनःपुन्हा सरकवून नेमकी करता येते.