कंपनीतली वकिली: सनद थांबवण्याआधी आणि नंतर

सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालाची आपल्याकडे 'तपास यंत्रणांच्या समन्सपासून वकिलांना संरक्षण' एवढीच चर्चा झाली. निकाल तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाचा, म्हणून तो आपल्या ग्रुपवर फिरलाही भरपूर. पण एलएलबी होऊन कंपनीत नोकरी शोधणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी महत्त्वाचा भाग त्याच निकालात पुढे आहे.

कंपनीच्या पगारावरचा वकील, म्हणजे इन-हाउस कौन्सेल, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मधला गोपनीयतेचा विशेषाधिकार मागू शकत नाही, कारण तो न्यायालयात वकिली करणारा अधिवक्ता नसतो. बार कौन्सिलच्या नियम ४९ नुसार पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. कंपनीच्या बाहेरच्या वकिलाशी इन-हाउस वकिलाने केलेल्या गोपनीय संवादाला कलम १३४ चे संरक्षण मिळते. मालक आणि त्याचा पगारी वकील यांच्यातल्या संवादाला मात्र ते नाही. त्यामुळे कंपनीतल्या वकिलाने प्रत्येक ईमेल उद्या न्यायाधीशांसमोर जाऊ शकतो असे समजूनच लिहावा, आणि नाजूक प्रश्नावर बाहेरच्या वकिलाचे मत घ्यावे.

दुसरा मुद्दा न्यायाधीश होण्याचा. २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा बंधनकारक केली. सनद थांबवून नोकरीत घालवलेली वर्षे त्यात धरता येणार नाहीत, हे उघड आहे. ज्यांना न्यायसेवेत जायचे आहे त्यांनी आधी ही वर्षे पुरी करावीत, असे आमचे मत आहे. पण घरातली पहिली वकील, डोक्यावर शैक्षणिक कर्ज, आणि तालुका कोर्टातले सीनियर जाण्यायेण्याचा खर्चही देत नाहीत, अशा मुलीला 'आधी प्रॅक्टिस कर' सांगणे फार सोपे आहे. ती कंपनीत गेली म्हणजे चळवळीला मुकली, हे आम्हाला मान्य नाही.

कारण कंपनीत काय घडते ते बऱ्याचदा करारात ठरते. कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीची सफाई घ्या. ठेकेदाराशी करार होतो, 'अपघाताची जबाबदारी ठेकेदाराची' असे कलम घातले जाते आणि कंपनी निर्धास्त होते. टाकीत कोणत्या वस्तीतली माणसे उतरतात हे वाचकांना सांगायला नको. २०१३ च्या हाताने मैला सफाईविरोधी कायद्याचे कलम ७ मात्र धोकादायक सफाईसाठी माणूस 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे' लावायलाच मनाई करते. म्हणजे संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवला तर ठेकेदार मध्ये असल्याने सुटका होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी गटारमृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली आहे.

इथे जी वकील नुसते 'बेकायदा आहे' म्हणून फाइल परत पाठवते, तिच्याकडे पुढची फाइल सही झाल्यावरच येते. जी स्वतः टाकीपर्यंत जाऊन येते, खरेदी विभागाकडून यंत्राने सफाई करणाऱ्यांचे दर मागवते, ते दंड आणि भरपाईच्या रकमेशेजारी मांडते आणि 'माणूस उतरवल्यास करार रद्द' हे कलम तयार करून देते, तिचे ऐकले जाते. धंद्याला 'नाही' नको असते, रस्ता हवा असतो. लैंगिक छळाच्या तक्रारींची अंतर्गत समिती असो किंवा २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमधले नियुक्तिपत्र असो, पद्धत हीच.

मर्यादाही आहे. तिचा पक्षकार कंपनी आहे, कामगार नव्हे. तेव्हा कार्यकर्त्यांनी 'आपली आहे' म्हणून तिच्याकडे आतली कागदपत्रे मागू नयेत. तिची नोकरी जाईल आणि पुढच्या मुलीसाठी दार बंद होईल. कामगाराचा खटला त्याच्या वकिलानेच लढवावा.

तिने मात्र आपला इशारा तोंडी न देता लेखी द्यावा. विशेषाधिकार नाही याची दुसरी बाजू हीच आहे. टाकीत माणूस गुदमरून मेला आणि प्रकरण कोर्टात गेले, तर तो ईमेल मागवता येईल, आणि 'आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते' असे व्यवस्थापनाला म्हणता येणार नाही.