विमानाची पहिली रेषा

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझर येथून 'तेजस मार्क-१ए' या लढाऊ विमानाने उड्डाण केले. महाराष्ट्राच्या भूमीवर बांधलेल्या या विमानाचा ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील मध्यमवर्गाला अभिमान वाटणे स्वाभाविकच. मात्र याच वर्गातील एखादा मुलगा यंत्र अभियांत्रिकीची पदवी हाती घेऊन विमान उद्योगात जाऊ म्हणतो, तेव्हा 'त्यापेक्षा सॉफ्टवेअर बरे' असा सल्ला त्याला घरातूनच मिळतो. अभिमान आणि सल्ला यांतील ही विसंगती तपासून पाहिली पाहिजे.

हा सल्ला सर्वस्वी अविचारी आहे, असे नव्हे. नव्या संकल्पन अभियंत्याच्या वाट्याला विमान येत नाही. येते ते एखादी नळी किंवा तारांची जुडी धरून ठेवणारे वीतभर ब्रॅकेट. त्याचे संगणकावर आरेखन करायचे, मापांतील अनुज्ञेय फरक ठरवायचे, वरिष्ठांनी दाखविलेल्या चुका दुरुस्त करायच्या आणि पुन्हा तेच. कित्येकदा तर संकल्पना परदेशी कंपनीची आणि रेषा तेवढ्या आपल्या. त्यासाठीही बहुधा बंगळुरू गाठावे लागते. ज्या वागळे इस्टेटमध्ये कारखान्यांचा खडखडाट होता, तेथे आज माहिती तंत्रज्ञानाच्या इमारती उभ्या आहेत. मुलांनी तिकडे पाहिले तर दोष कोणाला द्यायचा?

तरीही त्या ब्रॅकेटला क्षुल्लक समजणे घातक ठरेल. 'बोइंग ७४७' या विमानात सुमारे ६० लाख भाग असतात. १९५४ मध्ये ब्रिटनची 'कॉमेट' जातीची दोन प्रवासी विमाने आकाशातच फुटली. हवेचा दाब वारंवार चढल्या-उतरल्याने विमानाच्या पत्र्यातील झरोक्याच्या कोपऱ्याशी तडे गेले, हे तपासात उघड झाले. कोपऱ्याची गोलाई किती ठेवावी, हा प्रश्न शेकडो प्रवाशांच्या जिवाचा असतो. तो प्रश्न विचारण्याची सवय पहिल्या चार-पाच वर्षांच्या कंटाळवाण्या कामातूनच लागते.

या विद्येची परंपरा मराठी माणसाला परकी नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळुरूला विमान कारखान्याचा पाया घातला. जर्मनीत गोटिंगेन येथे प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी 'एचटी-२' या प्रशिक्षण विमानाचे संकल्पन केले आणि ते १९५१ मध्ये उडाले. जर्मन संकल्पक कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली घडलेले 'मरुत' हे लढाऊ विमान १९६१ मध्ये झेपावले. त्यानंतर 'तेजस'च्या पहिल्या उड्डाणासाठी मात्र २००१ साल उजाडावे लागले. मधल्या ४० वर्षांत एक पिढी निवृत्त झाली आणि तिचे ज्ञान सलगपणे पुढे गेले नाही. आजही 'तेजस'चे इंजिन अमेरिकी आहे. संकल्पकांची साखळी तुटली की काय किंमत मोजावी लागते, याचा याहून बोलका दाखला कोणता?

ही साखळी जोडायची तर नुसती भाषणे पुरणार नाहीत. महाविद्यालयांनी विद्यार्थ्याला स्वतः काढलेला भाग कार्यशाळेत स्वतः घडवायला लावावा. म्हणजे कागदावरची रेषा यंत्रावर कोठे अडते ते त्याला कळेल. कंपन्यांनी नवख्याला केवळ आरेखक न ठेवता भारगणन आणि चाचणीपर्यंत न्यावे. डोंबिवली आणि अंबरनाथच्या लघुउद्योजकांनी विमान क्षेत्रासाठीचे 'एएस ९१००' हे गुणवत्ता प्रमाणपत्र मिळविण्याची तयारी करावी, आणि शासनाने त्या खर्चात वाटा उचलावा. इस्रोच्या 'विकास' इंजिनांची बांधणी विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात झाली आहे. म्हणजे हे कौशल्य याच लोकलमार्गावर नांदते आहे.

पालकांकडून अपेक्षा एवढीच की, पहिल्या पगाराच्या आकड्यावरून मुलाच्या कामाचे मोल ठरवू नये. सुटे भाग जोडणारे हात देशाकडे आहेत. ते भाग कसे असावेत हे ठरविणारी बुद्धी घडायला वेळ लागतो, आणि तो वेळ घरानेच द्यायचा असतो.